फोडणीच्या आधीची पाककृती

स्थानिक अन्नावरचं पुस्तक घेऊन एखादा शेफ कार्यक्रमाला उभा राहतो तेव्हा समोरच्या टेबलावर सगळं तयार असतं. कांदा चिरलेला, खोबरं खवलेलं, भाजी निवडून-धुऊन निथळत ठेवलेली. दहा मिनिटांत फोडणी, एक वाफ, वरून कोथिंबीर, आणि चवीला द्रोण. मेथी-पालकाचं पुस्तक असतं तर हे चाललं असतं. पण पुस्तक सह्याद्रीतल्या, कोकणातल्या रानभाज्यांचं असेल तर खरं काम टेबलाच्या मागे आधीच उरकलेलं असतं, आणि पुस्तक विकत घेऊन घरी गेलेली माणसं फसतात ती नेमकी त्याच कामात. भाजी ओळखायची कशी, तिचा कुठला भाग घ्यायचा, कोणत्या दिवसांत घ्यायचा, खाज किंवा कडवटपणा कसा काढायचा, आणि रानात किती शिल्लक ठेवायचं. ही निम्मी पाककृती आहे. ती वगळून छापलेली उरलेली निम्मी कितीही सुंदर फोटोंसह असली तरी उपयोगाची नाही, काही भाज्यांच्या बाबतीत तर धोक्याची आहे.

म्हणून असं पुस्तक लिहिणाऱ्या किंवा त्याचा प्रचार करणाऱ्या शेफला माझा आग्रह एकच: प्रात्यक्षिकात फोडणी कमी दाखवा, निवडणं जास्त दाखवा. पुस्तक घेणाऱ्यांनीही तेच तपासावं.

शेवळांचं उदाहरण सगळ्यात चांगलं. मे संपता संपता वळवाचे दोन-चार पाऊस झाले की ठाणे, वसई, पालघर, पनवेल, कर्जतच्या बाजारांत शेवळांच्या जुड्या येतात. सुरणाच्याच कुळातलं हे झाड, शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस. जमिनीत कंद असतो. पाऊस लागताच त्यातून आधी फुलोरा वर येतो आणि पान मागून येतं. आपण खातो तो हा फुलोरा, मिटलेला असतानाच. जांभळट तपकिरी, टोकदार, बोटभर जाडीचा. तो उमलला की त्याला कुजकट वास सुटतो, माश्या-किडे येतात, आणि मग तो खाण्याजोगा राहत नाही. त्यामुळे बाजारात घट्ट मिटलेलीच शेवळं घ्यायची. टोक सुटलेलं किंवा देठाशी मऊ पडलेलं शेवळं जुडीत लपवलेलं असतं, जुडी सोडून बघावी.

निवडताना हात कोरडे ठेवा आणि त्यांना तेल चोळा. ओल्या हाताने खाज जास्त लागते, म्हणून शेवळं आधी धुऊ नयेत. बाहेरची पातळ पापुद्र्यासारखी आवरणं काढून टाका. मग मुख्य आवरण, म्हणजे ते जांभळं पान, उभं उकला. आत एक दांडी दिसेल. दांडीचा वरचा भाग गुळगुळीत असतो, तो चालतो. खाली बुडाशी बारीक दाण्यांचा, पिवळसर पट्टा असतो, कणसाच्या दाण्यांसारखा. हा सगळा पट्टा कापून टाकायचा, वर-खाली थोडा जास्तीचा भाग गेला तरी चालेल. सगळ्यात जास्त खाज इथेच असते. प्रात्यक्षिकात एवढी एक गोष्ट दाखवली तरी कार्यक्रम सार्थकी लागला असं मी म्हणेन. मागच्या रांगेतल्यांना दिसेल असं एक शेवळं उकलून धरा, पिवळा पट्टा बोटाने दाखवा, कापून वेगळा ठेवा. उरलेलं आवरण, देठाचा कोवळा भाग आणि दांडीचं टोक बारीक चिरा, मग धुवा.

खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून नुसतं उकडून पाणी टाकलं की झालं, असं होत नाही. आपल्याकडे त्यावर तीन उपाय एकदम वापरतात: खाजरा भाग काढणं, भरपूर तेलात परतणं आणि भरपूर आंबट घालणं. यातला एकही वगळला की घसा धरतो. शेवळांच्या जुडीबरोबर विक्रेत्या जी हिरवी, आवळ्याहून लहान, तुरट-आंबट फळं देतात ती काकडं. ती शोभेला दिलेली नसतात. नवख्या गिऱ्हाइकाला ती नको असतात, आणि मग 'शेवळं खाजरी निघाली' अशी तक्रार होते.

प्रमाण असं धरा. दोन जुड्या, म्हणजे वीसेक शेवळं. पंधरा काकडं. लिंबाएवढी चिंच. दोन मोठे कांदे, सात-आठ लसूण पाकळ्या, पाऊण वाटी सोडे (वाळवलेली कोळंबी), पाव वाटी ओल्या खोबऱ्याचं वाटण, दोन चमचे तिखट, अर्धा चमचा हळद, मीठ आणि अर्धी वाटी तेल. तेल कमी करू नका, ते नुसतं चवीसाठी घातलेलं नाही. काकडं ठेचून आठळ्या काढा, गर वाटून दोन वाट्या पाण्यात कोळून गाळून घ्या. अर्ध्याहून थोडं जास्त तेल तापवून चिरलेली शेवळं मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं परता. ती निम्मी होतात आणि रंग काळपट होतो. तो रंग येईपर्यंत पाणी घालायचं नाही. मग काकडांचं पाणी आणि चिंचेचा कोळ घालून झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं शिजू द्या. इथे थांबून पाव चमचा जिभेवर ठेवा आणि पूर्ण मिनिटभर वाट पाहा, कारण खाज लगेच कळत नाही. चुणचुण जाणवली तर आणखी चिंच, आणखी दहा मिनिटं. जाणवली नाही तरच पुढे जा. दुसऱ्या कढईत उरलेल्या तेलावर लसूण, कांदा, भिजवून काळा दोरा काढलेले सोडे, हळद, तिखट परतून त्यात शेवळं मिसळा, खोबरं आणि मीठ घाला, पाच मिनिटांची वाफ द्या. सोड्यांत मीठ असतंच, तेव्हा चाखूनच मीठ घाला. शाकाहारी घरांत सोड्यांऐवजी भिजवलेले वाल किंवा चण्याची डाळ घालतात. सीकेपी घरांत खिम्यातही शेवळं पडतात आणि तो खिमा खाल्लेला माणूस जूनची वाट बघत बसतो.

ताज्या कोळंबीऐवजी सोडेच का, हेही पुस्तकात यायला हवं. राज्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. बोटी वर ओढलेल्या असतात, माशांची वीण चालू असते. शेवळं नेमकी तेव्हाच उगवतात, आणि घरात असतात ते उन्हाळ्यात वाळवलेले सोडे, सुकट, बोंबील. हा मेळ बाजारातल्या तारखांनी घातलेला आहे. जूनच्या पाककृतीत फ्रीझरमधली परराज्यातली कोळंबी लिहिली की पुस्तकाच्या शीर्षकातला 'स्थानिक' हा शब्द तिथेच गळून पडतो.

आता रानाचा हिशेब. कंद जमिनीत राहिला तर शेवळं पुढच्या पावसात पुन्हा येतं. उपटलं, कंद उखडला, तर त्या जागेवरचं झाड संपलं. आणि सगळेच फुलोरे खुडले तर कंद जगतो पण बी धरत नाही, नवी झाडं होत नाहीत. म्हणून जमिनीलगत कापणं आणि प्रत्येक जागी काही फुलोरे उमलायला सोडणं, एवढं पाळावं लागतं. गोळा करणाऱ्या आदिवासी बायकांना हे कुणी शिकवायची गरज नाही, वर्षानुवर्षं त्याच जागांवर त्या जातात. अडचण शहरातून एकदम मोठी मागणी आली की होते. एखाद्या हॉटेलने महिनाभराच्या महोत्सवासाठी रोज शंभर जुड्या मागितल्या की मधले व्यापारी जे मिळेल ते उचलतात. शेफने मेन्यूत शेवळं ठेवताना 'मिळाली तर मिळाली' असंच ठेवावं. ठरलेला आकडा लावू नये.

टाकळ्याकडे वळू, विदर्भात याला तरोटा म्हणतात. ही पावसाळ्यातली सर्वांत सोपी, सर्वांत मुबलक भाजी, कितीही खुडली तरी संपत नाही. पण गोंधळ ओळखीत होतो. टाकळ्याच्या पानाला बहुतेक वेळा पर्णिकांच्या, म्हणजे देठावरच्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात, टोकाला रुंद आणि गोलसर. कासविंदा त्याचाच भाऊबंद. त्याच्या पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या असतात आणि त्या टोकाला निमुळत्या, अणकुचीदार असतात. कासविंद्याच्या देठाच्या अगदी बुडाशी एक गोळीसारखी ग्रंथी दिसते. शेंगाही वेगळ्या: टाकळ्याच्या लांब, बारीक, विळ्यासारख्या वळलेल्या, कासविंद्याच्या आखूड आणि चपट्या. हा फरक महत्त्वाचा, कारण कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांना दरवर्षी होणाऱ्या, यकृत आणि मेंदूवर जाणाऱ्या एका गंभीर आजारामागे याच बिया असल्याचं तिथल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं. म्हणून पुस्तकात टाकळ्याचा फोटो एकटा छापू नका. शेजारी कासविंदा छापा, दोन्हींची पानं जमिनीवर पसरून, एकाच आकारात. आणि शास्त्रीय नावं द्या, सेन्ना टोरा आणि सेन्ना ऑक्सिडेंटॅलिस, कारण गावागणिक नावं बदलतात आणि वाचणारा कुठल्या गावचा आहे ते आपल्याला ठाऊक नसतं.

टाकळा फुलावर यायच्या आधीच घ्यायचा, फुलं आल्यावर पानं चरबट आणि उग्र होतात. जून-जुलैतला वीतभर वाढलेला उत्तम. सकाळी खुडावा. संध्याकाळी त्याची पानं मिटतात, मग शेंडा नीट दिसत नाही आणि निबर पानंही हातात येतात. निवडलेला पाव किलो पाला घेतला तर दोन कांदे, सहा लसूण पाकळ्या, तीन मिरच्या, दोन तास भिजवलेली पाव वाटी चणाडाळ आणि अर्धी वाटी खोबरं. पाला घातल्यावर पहिली चार-पाच मिनिटं झाकण ठेवू नका, उग्र वास निघून जाऊ द्या. लगेच झाकलं तर तो वास भाजीतच मुरतो आणि 'टाकळा आवडत नाही' म्हणणाऱ्यांची संख्या वाढते. डाळीऐवजी फणसाच्या उकडलेल्या आठळ्या घातल्या तर फारच छान, मेमध्ये खाल्लेल्या फणसाच्या आठळ्या मातीत किंवा राखेत ठेवलेल्या असतातच.

एक सूचना गोळा करण्याबद्दल. हमरस्त्याच्या कडेचा, गटारालगतचा आणि तणनाशक मारलेल्या बांधावरचा टाकळा घेऊ नये. तणनाशक मारल्यावर पहिले काही दिवस पानं हिरवीच दिसतात. शेतकऱ्याला विचारूनच हात लावा.

भारंगीची पानं कडू. कोवळीच घ्यायची, चिरून पाच-सात मिनिटं उकळून घट्ट पिळायची आणि मग कडव्या वालांबरोबर किंवा डाळीबरोबर करायची. पिळल्यावर ती मूठभरच राहते, म्हणून वजन न पिळलेल्या पाल्याचं लिहा. कुर्डूला यातलं काही लागत नाही, फक्त तुरा यायच्या आत खुडा. घोळ सोपी आहे, पण तिच्यात ऑक्झलेट भरपूर असतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती जपून खावी, आणि उकळून पाणी टाकावं. दही-ताकातली घोळ ही जुनी रीत इथे कामाची आहे, दह्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच बांधून टाकतं.

फोडशीला कुलू किंवा काळूही म्हणतात. क्लोरोफायटम वंशातली ही पाती, सफेद मुसळीची भावंडं. त्यातल्या एका जातीचं नाव क्लोरोफायटम बोरिविलिएनम, आपल्या मुंबईच्या बोरिवलीवरून पडलेलं. गवतासारखी दिसते म्हणून निवडताना कंटाळा करतात, तिथे दोन चुका होतात. पातीच्या बुडाशी पांढऱ्या भागात माती अडकलेली असते. जुडी तशीच धुतली तर ती निघत नाही, पाती सुट्या करून दोन-तीन पाण्यांतून काढाव्या लागतात. दुसरं, मधोमध फुलोऱ्याचा कडक दांडा असतो, तो शिजत नाही, तो ओढून टाकायचा. मग बारीक चिरून कांद्यावर परतून बेसन पेरलं की दहा मिनिटांत भाजी. मुळं औषधासाठी खणून काढल्याने ही जंगलात कमी होत चालली आहे. तेव्हा मुळासकट जुडी दिसली तर घेऊ नये आणि का घेत नाही ते विकणारीला सांगावं. पाती कापली तर मूळ पुन्हा फुटतं.

बांबूच्या कोंबांबाबत मात्र पुस्तकं फार घाईने लिहितात असं माझं मत आहे. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, आणि 'उकडून घ्या' एवढ्या दोन शब्दांत ते मावत नाही. साल काढून, बुडाचा निबर भाग टाकून, पातळ चकत्या करायच्या. रात्रभर पाण्यात ठेवायच्या, मधे एकदा पाणी बदलायचं. सकाळी ते पाणी ओतून नव्या पाण्यात, झाकण न ठेवता, वीस-पंचवीस मिनिटं उकळायच्या, ते पाणीही टाकायचं आणि कडूपणा वाटला तर पुन्हा उकळायच्या. झाकण न ठेवण्याला कारण आहे: विष वायुरूपात वाफेबरोबर बाहेर पडतं, झाकलं तर आतच फिरतं. कुकर तर नकोच. जाड चकत्या केल्या की आतपर्यंत पाणी पोचत नाही, म्हणून जाडी दोन-तीन मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. आणि बेटातले सगळे कोंब काढले तर पुढच्या वर्षीचा बांबूच काढला, हे उघड आहे. जाडजूड, जोमदार कोंब वाढायला ठेवून बाकीचे घ्यावेत.

करटोल्यांत विष नाही, खाज नाही, पण एक गोष्ट बागेत लावणाऱ्यांना कुणी सांगत नाही. नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात. फळ धरत नाही म्हणून लोक नर वेल उपटून टाकतात आणि मग मादी वेलही रिकामे राहतात. मादी फुलाच्या खाली काटेरी, चिमुकलं करटोलं आधीपासूनच दिसतं, नराला ते नसतं. आठ-दहा मादी वेलांमागे एक नर पुरतो.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल बोलायचं तर रानभाज्यांची मापं 'एक जुडी' अशी लिहिली की सगळं बिघडतं. वसईची जुडी आणि पुण्याला पोचलेली जुडी सारखी नसते. निवडलेल्या भाजीचं वजन ग्रॅममध्ये द्या, आणि किती कचरा निघतो तेही द्या, म्हणजे किती विकत घ्यायची ते कळेल. प्रत्येक पाककृतीवर महिना छापा, 'पावसाळा' एवढं पुरत नाही. जूनमधला टाकळा आणि सप्टेंबरमधला टाकळा या दोन वेगळ्या भाज्या आहेत.

गोळा करायच्या जागा मात्र छापू नका. अमुक घाटातला अमुक उतार असं लिहिलं की पुढच्या वर्षी तिथे गाड्या लागतात, आणि ज्या बाईचं घर त्या भाजीवर चालतं तिच्या वाट्याला काही उरत नाही. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यातून पाला तोडून आणणं हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवानगीशिवाय करता येत नाही, हे मुंबई-ठाण्याच्या वाचकांसाठी ठळक लिहायला हवं. उलट २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावर जगणाऱ्या समाजांना गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे शहरी वाचकाला 'जा आणि खुडा' सांगण्यापेक्षा 'जा आणि विकत घ्या' सांगणं जास्त योग्य. ऑगस्टमध्ये कृषी विभाग आणि 'आत्मा' (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) यांच्या वतीने जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरतात, तिथे विकणाऱ्या बायकांशी थेट बोलता येतं. शेफने आपल्या कार्यक्रमात अशा एखाद्या जाणत्या बाईला शेजारी बसवावं, निवडण्याचं काम तिच्या हातून दाखवावं आणि त्या दिवसाची मजुरी, प्रवासखर्च आणि भाजीची पूर्ण किंमत द्यावी. नुसता सत्कार करून नारळ देऊ नये.

शेवटी तारीख. प्रकाशक पुस्तक बहुधा दिवाळीच्या तोंडावर आणतात आणि शेफ डिसेंबरमध्ये कार्यक्रम करतो. डिसेंबरात शेवळं नसतात. मग बर्फातली किंवा सुकवलेली शेवळं काढून पावसाळी पाककृती दाखवण्यात काही अर्थ नाही. त्या दिवसांत जे आहे ते दाखवा. डिसेंबर-जानेवारीत ज्वारीचा हुरडा आहे. जानेवारी-फेब्रुवारीत रायगडात गावठी वालाच्या शेंगांची पोपटी आहे, आणि ती मोकळ्या जागेत शंभर माणसांना सहज दाखवता येते. मातीच्या मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला दाबून भरायचा, वर मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगांचा थर, त्यात बटाटे, अंडी किंवा मसाला लावून पानात गुंडाळलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी भांबुर्डीचा घट्ट बोळा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पालापाचोळा, गवत, काटक्या रचून अर्धा-पाऊण तास जाळ. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते चर्र करून लगेच उडालं की झाली. भांबुर्डी कमी पडली तर शेंगा करपतात, आणि बोळा सैल राहिला तर वाफ निसटून शेंगा कोरड्या, अर्धकच्च्या राहतात. भांबुर्डी शेताच्या बांधावर तण म्हणून उगवते, तेव्हा ती आदल्या दिवशीच काढून ओल्या गोणपाटात ठेवावी. ऐन वेळी शहरात ती मिळत नाही आणि तिच्याऐवजी दुसरा कुठलाही पाला घातला तर पोपटीचा तो वास येत नाही.